खोक्यात काय काय होतं

कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा नागोठण्यात असा पाऊस होता की समोरचं घर दिसत नव्हतं. "सर, तुमचा फ्रीज आलाय, हायवेला येऊन घेऊन जा." फ्रीज नव्हता, कॉम्प्युटरचं कॅबिनेट होतं. रिकामं. मिनीडोअरची मागची अख्खी सीट अडवून, वर ताडपत्री टाकून ते घरी आलं. मिनीडोअरवाल्याने त्याचं दोन माणसांचं भाडं लावलं. मी घासाघीस केली नाही, कारण दोन माणसांची जागा त्याने खरोखरच खाल्ली होती.

खोक्याच्या बाजूला तीन चित्रं होती: वर जाणारे बाण, काचेचा पेला आणि छत्री. मालाच्या खोक्यांवरच्या या खुणा जगभर सारख्याच असतात, त्यांचं आयएसओ ७८० नावाचं मानक आहे. छत्रीचा अर्थ 'ओलं होऊ देऊ नका'. जुलै महिन्यात नागोठण्यात ही छत्री पाहून बाबा हसले. "हे छापणाऱ्याला एकदा इकडे बोलाव," म्हणाले.

(हल्ली मराठीत 'खोके' म्हटलं की लोकांना भलतंच काहीतरी आठवतं. मला पुठ्ठ्याचं खोकं म्हणायचं आहे.)

हे खोकं घरी येण्याआधी त्याच मॉडेलचे अकरा अनबॉक्सिंग व्हिडिओ मी पाहिले होते. काही दोनदा. त्यामुळे आत काय आहे, कुठल्या थरात आहे, काचेवरची फिल्म सोलताना कसा आवाज येतो, सगळं पाठ होतं. आणि तरीही प्रत्यक्ष खोकं उघडताना दर पाच मिनिटांनी असं काहीतरी समोर येत होतं जे अकरापैकी एकाही व्हिडिओत नव्हतं. कादंबरीवर, नाटकावर, सिनेमावर आपण समीक्षा लिहितो. अनबॉक्सिंग व्हिडिओ आपल्या पिढीने या तिन्हींपेक्षा जास्त पाहिलेले आहेत, पण त्यांच्याकडे कोणी त्या नजरेने बघत नाही. मी बघायचा प्रयत्न करतोय.

या व्हिडिओंना ठरलेला घाट आहे. तमाशात गण, गौळण, बतावणी, वग असा क्रम असतो, तसाच इथेही. आधी बंद खोकं टेबलावर, त्याच्यावर दोन थापट्या. मग कटर. मग फोम बाजूला, प्लास्टिक बाजूला, आणि कॅबिनेट फिरत फिरत सर्व बाजूंनी. मग काचेवरची फिल्म सोलणं, हा खास क्षण. इथे संगीत थांबतं आणि फक्त आवाज ऐकवतात. मग ॲक्सेसरीजचा छोटा डबा उघडून "यात तुम्हाला स्क्रू, केबल टाय वगैरे मिळतात" असं म्हणत चाळीसेक सेकंदांत बंद. शेवटी दिवे लागलेलं, पूर्ण भरलेलं कॅबिनेट अंधारात. मधला सगळा घाम कट.

'अनबॉक्सिंग' हा शब्द इंटरनेटवर रुळला तो २००६ च्या आसपास. कॉम्प्युटरच्या दुनियेत हा प्रकार कुठून आला हे बघितलं तर गंमत वाटते. लायनस सेबॅस्टियन हा कॅनडातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाचा नोकर. दुकानातल्या मालाचे व्हिडिओ करणं हे त्याचं कामच होतं, आणि २००८ साली सुरू झालेलं लायनस टेक टिप्स हे चॅनेल त्यातूनच वाढलं. म्हणजे या प्रकाराचं मूळ दुकानाच्या काउंटरवर आहे. आपल्याकडे साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस हेच करत आलाय: घडी हातात घ्यायची, झटक्यात पदर उलगडायचा, काठ उजेडात धरायचा. फक्त तिथे समोर बसलेली बाई साडीला हात लावून बघते, आतली बाजू उलटते, "हे सूत जातंय" म्हणते आणि अर्धं दुकान उलगडायला लावून उठून जाते. व्हिडिओत गादीवरचा माणूस राहिला, समोरची बाई गेली. माझी मूळ तक्रार ही आहे.

२०२१ साली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले, की पैसे किंवा वस्तू फुकट मिळाली असेल तर तसं स्पष्ट लेबल लावा. चांगलं झालं. पण लेबल लावल्याने काय बघायचं राहून गेलं ते कळत नाही. अकरापैकी चार जणांनी 'कंपनीने पाठवलं आहे' असं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. स्क्रू मोजले एकानेही नव्हते.

स्क्रू आमच्या घरी मोजले गेले.

बाबा पेट्रोकेमिकल कारखान्यात बॅगिंगला होते. माल आला की चलन हातात घेऊन टिका करायच्या, ही त्यांची आयुष्यभराची सवय. मी काचेवरची फिल्म सोलायला घेतली, तोवर त्यांनी ॲक्सेसरीजचा डबा उघडून सगळ्या पुड्या स्टीलच्या ताटात ओतल्या होत्या. मॅन्युअलमध्ये एक तक्ता होता, चित्र आणि पुढे आकडा. शब्द नाहीत. ते पेन्सिल घेऊन बसले.

ताटात होतं ते असं: जाड आटे असलेले स्क्रू, बारीक आटे असलेले स्क्रू, हाताने फिरवायचे मोठ्या डोक्याचे स्क्रू, पितळेचे छोटे खांब, ते खांब बसवायची टोपी, काळे केबल टाय, वेल्क्रोच्या पट्ट्या, हार्ड डिस्कखाली घालायच्या रबरी चकत्या, ग्राफिक्स कार्डाला खालून टेकू देणारा एक धातूचा हात, एक एवढुसा स्पीकर आणि काच पुसायचं फडकं.

"हे दोन वेगळे का?" बाबांनी जाड आटे आणि बारीक आटे शेजारी शेजारी ठेवून विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण इतकी वर्षं त्याकडे नीट बघितलंच नव्हतं. जाड आट्यांचा स्क्रू सहा-बत्तीस: इंचाच्या मापातला, एका इंचात ३२ आटे, जाडी साडेतीन मिलिमीटर. बारीक आट्यांचा एम-थ्री: मेट्रिक, ३ मिलिमीटर जाडी, दर अर्ध्या मिलिमीटरला एक आटा, म्हणजे इंचात साधारण ५१. मोठी हार्ड डिस्क आणि पॉवर सप्लाय सहा-बत्तीस मागतात, छोटी एसएसडी एम-थ्री मागते. बारीक स्क्रू मोठ्या भोकात घातला तर नुसता डगडगतो. मोठा स्क्रू बारीक भोकात जोर लावून घातला तर आटे मरतात, आणि ते भोक कायमचं गेलं. हे सगळं आपण एका ताटात घेऊन बसलोय, इंच आणि मिलिमीटर, ज्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. चाळीस सेकंदांत 'स्क्रू वगैरे' म्हणून जे उरकलं जातं ते हे.

मग बाबा म्हणाले, "खांब कमी आहेत."

तक्त्यात बारा, ताटात तीन. मी पुड्या झटकल्या, खोक्यात हात घालून बघितलं, फोमच्या खाचा तपासल्या. नऊ खांब कमी. मदरबोर्ड या पितळी खांबांवर उभा राहतो, पत्र्याला टेकत नाही. टेकला तर शॉर्ट. ते नसतील तर पुढचं सगळं काम बंद. मी वैतागून विक्रेत्याला मेल लिहायला बसलो. बाबा तोवर टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या आत डोकं घालून बसले होते. "एक दोन तीन…" नऊ खांब कारखान्यातूनच पत्र्यावर बसवून आले होते. नऊ आणि तीन बारा. हिशोब लागला.

ही किरकोळ गोष्ट नाही. आधीच बसवलेले खांब तुमच्या बोर्डाच्या भोकांखाली आहेत का, हे बघावंच लागतं. एखादा खांब भोक नसलेल्या जागी बोर्डाखाली राहिला तर तोच पितळेचा तुकडा मागून शॉर्ट करू शकतो. अकरा व्हिडिओंमधल्या एकाने हे ओझरतं सांगितलं होतं, त्याचं श्रेय त्याला. आणि हेही खरं की गेमर्स नेक्ससचा स्टीव्ह बर्क आणि त्याच्यासारखे काहीजण कॅबिनेटचं तापमान, हवा, आवाज यांची नीट मोजणी करतात; तो सगळा वेगळा आणि जास्त मेहनतीचा प्रकार आहे. तो बघणारे कमी, फिल्म सोलताना बघणारे जास्त. मीही दुसऱ्या गर्दीतच होतो.

आता फोमकडे येतो. व्हिडिओत फोमचं आयुष्य दीड सेकंदाचं: दोन्ही हातांनी उपसून फ्रेमबाहेर भिरकावला. आमच्या घरी तो फ्रेमबाहेर गेला नाही. बाबांनी तो उचलला, बोटांनी दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कॅबिनेटवरच्या पिशवीवर त्रिकोणात ४ चा आकडा होता. "एलडी," ते म्हणाले. लो डेन्सिटी पॉलिथिलीन. फोमही त्याच कुळातला, फुगवलेला.

नागोठण्याचं नाव महाराष्ट्रात दोन कारणांनी घेतलं जातं, मुंबई-गोवा रस्त्यावरचा थांबा म्हणून आणि कारखान्यासाठी. बॉम्बे हायच्या समुद्रातला वायू उरणला येतो, त्यातला इथेन-प्रोपेन इथे येऊन फोडला जातो, त्यातून इथिलीन, आणि इथिलीनपासून पॉलिथिलीनचे दाणे. साबुदाण्यासारखे, पांढरट, अर्धपारदर्शक. २५ किलोच्या गोण्यांत भरून ते देशभर जातात आणि तिथे त्यांची पिशवी, नळी, बादली, फोम होतो. इंडियन पेट्रोकेमिकल्स २००२ साली सरकारने विकायला काढली, २००७ साली ती रिलायन्समध्ये विलीन झाली. गावात जुनी माणसं अजून 'आयपीसीएल'च म्हणतात. बाबांनी कित्येक वर्षं त्या गोण्या भरल्या. दाणे त्यांनी लाखो बघितले, दाण्यांचं पुढे काय होतं हे फारसं बघायला मिळालं नाही. हा फोम बहुधा चीनमधल्या दाण्यांचा असणार. तरी त्यांनी तो मिनिटभर हातात धरला होता.

तेव्हा मला या व्हिडिओंचा एक दोष कळला जो कुठल्याही एका व्हिडिओचा नाही. खोकं उघडताना काय 'वस्तू' आणि काय 'कचरा' हे बघणाऱ्याच्या आयुष्यावर ठरतं, आणि कॅमेरा ते आधीच ठरवून टाकतो. माझ्यासाठी आतलं कॅबिनेट वस्तू. बाबांसाठी त्याच्या भोवतीचं सगळं. आईसाठी खोकं, कारण एवढं जाड, पाच थरांचं खोकं माळ्यावर गोधड्या ठेवायला कुठे मिळणार. पूर्वी असं काही आलं की थर्माकोल आधी गणपतीच्या मखरासाठी बाजूला पडायचा. २०१८ च्या बंदीनंतर मखर पुठ्ठ्याचं झालं, तेव्हा यंदा पुठ्ठ्यावर माझ्या आतेभावाचाही डोळा आहे.

गणपतीवरून आठवलं. इथून पेण फार दूर नाही, आणि पेणच्या कारखान्यांत मूर्तींचं पॅकिंग करणारी माणसं बघण्यासारखी असतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती गणेशोत्सवाच्या कितीतरी आधी बोटीने निघतात. सोंड, बोटं, कानाच्या पाळ्या, जे जे पुढे आलेलं आहे ते आधी जपायचं आणि मग अंग. कॅबिनेटचा फोम कापणाऱ्यानेही हेच केलं होतं, कोपरे आणि काच आधी. आणि उघडण्याचा विधी म्हणाल तर आमच्याकडे मूर्ती घरी आणताना तोंडावर रुमाल असतो. दारात पायांवर पाणी, ओवाळणं, मग आत आणून रुमाल काढायचा. पोरं श्वास रोखून उभी असतात. मूर्ती आधी कारखान्यात जाऊन बघून, निवडून, पैसे देऊन आलेले असतात तेच लोक पुन्हा श्वास रोखतात! आत काय आहे ते माहीत असूनही उघडण्याची मजा कमी होत नाही, हे अनबॉक्सिंगवाल्यांनी शोधलेलं नाही.

फरक आहे तो उघडल्यानंतर. लहानपणी शेजारचे चाचा कुवेतहून यायचे. दोरीने आवळलेली मोठी खोकी, त्यांच्यावर मार्करने ठळक नाव, गाव, जिल्हा. ती उघडायला आम्ही सगळी पोरं ओटीवर हजर. दोरी कापायची नाही, गाठ सोडवायची, कारण दोरी पुन्हा लागणार. टँगची बरणी, साबणाच्या वड्या, अत्तर, ब्लँकेट, टॉर्च. प्रत्येक वस्तू बाहेर येताना चाचा एक नाव घ्यायचे: हे आपाचं, हे इस्त्रीवाल्याचं, हे तुझ्या बाबांचं. आमच्या घरी बरीच वर्षं वापरात असलेली बॅटरी त्या खोक्यातली. उघडणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या मध्ये काहीतरी हातातून हातात जायचं. व्हिडिओत ते जात नाही. मी अकरा वेळा ओटीवर बसलो आणि अकरा वेळा रिकाम्या हाताने उठलो. म्हणून मग बारावं खोकं विकत घेतलं. या प्रकाराचं अर्थकारण मला तरी एवढंच समजलं आहे.

आता कबुली द्यायला हरकत नाही: मला फुल टॉवरची गरज नव्हती.

माझा मदरबोर्ड साधा एटीएक्स. ३०५ बाय २४४ मिलिमीटर, इंटेलने १९९५ साली ठरवलेलं माप. ते माप मानक आहे. 'मिड टॉवर' आणि 'फुल टॉवर' ही मात्र मानकं नाहीत, कंपन्यांनी लावलेली नावं आहेत. एकाचा मिड तो दुसऱ्याचा फुल. कॉर्सेअरने २०१८ साली एक कॅबिनेट काढलं ज्यात दोन अख्खे कॉम्प्युटर मावतात आणि रिकाम्याचं वजन जवळजवळ ३० किलो आहे. माझं त्याच्या निम्म्याच्या आसपास, तरी माझा बोर्ड त्यात मोठ्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात टाकलेल्या चटईसारखा दिसतो. चार हार्ड डिस्क आणि एक उंच हीटसिंक हे माझं समर्थन. चांगल्या मिड टॉवरमध्ये दोन्ही बसलं असतं. पण व्हिडिओत कॅबिनेटशेजारी माणूस नसतो, पलंग नसतो, शिवणयंत्र नसतं. टेबल पांढरं आणि खोलीला भिंती नाहीत. आकार कळायला शेजारी काहीतरी ओळखीचं लागतं. आमच्या खोलीत ते आलं आणि आईचं शिवणयंत्र एकदम बुटकं झालं.

ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा होता ती व्हिडिओंत पाच सेकंद दिसली: धूळ अडवणाऱ्या जाळ्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या आमच्याकडच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि तेव्हापासून धूळ हा आमच्याकडचा कायमचा पाहुणा आहे. उन्हाळ्यात सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटाने नाव लिहिण्याइतकं भरतं. इथे कॅबिनेटचं पहिलं परीक्षण जाळ्यांचं व्हायला हवं: किती बारीक आहेत, समोरून निघतात की अख्खं कॅबिनेट उचलून मागून ओढाव्या लागतात, पाण्याने धुता येतात का. माझ्या कॅबिनेटची खालची जाळी मागून निघते. म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलं की दर महिन्याला ते ओझं पुढे ओढणं आलं. स्वच्छ स्टुडिओत राहणाऱ्याला हे सुचणार नाही, त्याला दोष नाही. मला सुचायला हवं होतं.

काचेचंही तसंच. बाजूचं पॅनेल टेम्पर्ड काचेचं. तिच्यावर मध्ये ठोसा मारला तरी सहसा काही होत नाही, पण कड सिरॅमिकच्या फरशीवर टेकली की क्षणात चुरा होऊ शकतो, कारण फरशी कठीण असते आणि कडेला पडलेला बारीकसा ओरखडा आतला सगळा ताण मोकळा करतो. व्हिडिओत काच टेबलावरच्या रबरी मॅटवर ठेवतात, आणि मॅट का आहे ते सांगत नाहीत. मी काच काढली आणि सवयीने भिंतीला टेकवून फरशीवर उभी करायला वाकलो. आई ओरडली, "थांब रे, गोधडी घे खाली." तिला टेम्पर्ड काच म्हणजे काय ते माहीत नाही. काच फरशीवर उभी करत नाहीत एवढं माहीत आहे.

संध्याकाळी सगळं जोडून झालं. आता ठेवायचं कुठे? सगळ्या व्हिडिओंत ते टेबलाशेजारी जमिनीवर असतं, इतकं जड आणि उंच कॅबिनेट तिथेच शोभतं. मी जागा मोकळी केली. बाबा काही न बोलता कपाटाच्या बाजूला गेले आणि भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्यांकडे बोट दाखवलं. गुडघ्याच्या थोडी खाली, जुन्या पाण्याची रेघ. १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीने वर जांभूळपाड्यात काय केलं ते या पट्ट्यात कोणाला सांगावं लागत नाही, आणि आमच्या घरात पाणी त्यानंतरही शिरलेलं आहे. जुन्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय वर असायचा. आताच्या बहुतेकांत तो तळाशी, थंड हवा खालून ओढायला. पाणी घोट्याएवढं आलं तरी पहिला तोच जाणार.

दोघांनी मिळून ते टेबलावर चढवलं. टेबल आणि कॅबिनेट मिळून माझ्या कपाळापर्यंत आले, आणि मॉनिटर बाजूच्या स्टुलावर गेला. दिसायला वाईट दिसतं. कोणी याचा व्हिडिओ काढणार नाही.

खोकं माळ्यावर गेलं, आत दोन गोधड्या. फोम बाबांच्या पलंगाखाली आहे, कशासाठी ते अजून ठरलेलं नाही. सिलिका जेलच्या दोन पुड्या आईने घराच्या कागदपत्रांच्या डब्यात टाकल्या. ॲक्सेसरीजच्या डब्यावर बाबांनी कागद चिकटवला आहे, गोणीवर लिहायचे तशा मोठ्या अक्षरात: 'जाड आटे १४. बारीक आटे ९. खांब ३. टाय ११. स्पीकर १, वापरला नाही.'